डावीकडे वळणारे साडू

माझे थोरले साडू, म्हणजे बायकोच्या ताईचे यजमान, रियाधच्या एका बँकेत जोखीम सांभाळायच्या खात्यात होते. इतरांनी जोखीम घेऊ नये म्हणून त्यांना पगार मिळे, आणि सुट्टीच्या दिवशी ते हेल्मेट घालून शहराबाहेरच्या वाळूत गाडी पळवत. ट्रॅक लंबगोल. गाड्या आपल्या रोजच्याच, जुन्या सेडान. आतल्या सीटा काढायच्या, दारं वेल्ड करून टाकायची, लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा आणि तिला स्टॉक कार म्हणायचं. मग डावीकडे वळायचं. परत डावीकडे वळायचं. उजवी बाजू देवानं कशासाठी दिली, हा प्रश्न तिथे कोणाला पडत नाही. या विद्येत साडू त्या मोसमात एकदाही हरले नव्हते, आणि ही बातमी आमच्या घरी वरणभाताबरोबर वाढली जायची.

मी रास अल खैरला प्लांटवर. आठवडाभर समुद्राचं खारं पाणी गोडं करायचं आणि गुरुवारी रियाधला घरी येऊन साडूंचं कौतुक ऐकायचं. त्यातलं पहिलं काम सोपं.

त्या दिवशी त्यांची शेवटची शर्यत होती. बँकेनं त्यांचा करार वाढवला नव्हता, पासपोर्टावर फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा शिक्का, लागला होता. घराबाहेर हे कोणाला माहीत नव्हतं. ट्रॅकवर त्यांनी आपण मोठ्या हुद्द्यावर पुण्याला चाललोय असं सांगून टाकलं होतं. जाताना गाडीत बायको मला म्हणाली, "त्यांना न हरता जायचंय. तेवढं एकच राहिलंय त्यांच्याकडे. आज तोंड सांभाळा."

मी म्हटलं, माझं तोंड नेहमीच सांभाळलेलं असतं. ती खिडकीबाहेर बघायला लागली.

आणि नेमकं तोंडाचंच काम माझ्याकडे आलं. हेल्मेटमुळे ड्रायव्हरला आजूबाजूचं दिसत नाही, म्हणून एक माणूस उंच मचाणावर उभा राहून रेडिओवरून सांगतो, मागे कोण आहे, वाट कुठे मोकळी आहे. साडूंचा नेहमीचा माणूस सुट्टीवर केरळला गेलेला. सगळ्यांचा रेडिओ एकाच चॅनेलवर. इंग्रजी सगळ्यांना कळतं, हिंदी अर्ध्यांना, म्हणून साडूंचा कारभार मराठीत चाले. ही युक्ती आपणच शोधून काढली असं ते वारंवार सांगत. मला म्हणाले, "साडूभाऊ, थोडक्यात बोला." त्यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी चार शब्द बोललो होतो, ते ते विसरले नव्हते.

शर्यत सुरू झाली आणि लगेच संपली म्हटलं तरी चालेल. पहिल्याच वळणावर साडू पुढे गेले आणि बाकीचे मिरवणुकीला आल्यासारखे मागून यायला लागले. निवेदक मात्र दर फेरीला नव्यानं आश्चर्यचकित होत होता. मी "मोकळं आहे" म्हणत होतो. पुन्हा "मोकळं आहे." वाळवंटात मोकळं नसणार तर काय असणार?

शेवटच्या काही फेऱ्या राहिल्या तेव्हा साडूंच्या पुढे एक फेरी मागे पडून रेंगाळणाऱ्या दोन गाड्या आल्या, आणि त्या दोघींच्या मधून छान वाट उघडली. मला सांगायचं होतं की जागा आहे, या पुढे. पण आयुष्यात मी गाड्यांना वाट दाखवली ती फक्त नाशिकला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मागे उभं राहून हात हलवत. घाईत तोंडातून तेच आलं.

"येऊ द्या, येऊ द्या... येऊ द्या."

शेजारी उभ्या माझ्या मुलीनं कानातला इअरफोन काढला. "बाबा, डिड यू जस्ट टेल हिम टू रिव्हर्स?"

रिव्हर्स काही त्यांनी घेतला नाही. त्यांनी सरळ अर्थ घेतला: मागून कोणी जोरात येतंय, त्याला येऊ द्या. शहाण्या माणसासारखे ते बाहेरच्या बाजूला सरकले, आणि दुसऱ्या नंबरवर निमूट बसलेला एक सौदी तरुण निळी गाडी घेऊन आतून पुढे गेला. सर्वांत जास्त धक्का त्यालाच बसला असावा. इतका वेळ कहवा पीत बसलेले त्याचे काका-मामा उठून उभे राहिले.

रेडिओवर साडूंचा आवाज.

"कोणाला येऊ द्या?"

"तुम्हाला."

"मला कोण अडवतंय?"

"कोणी नाही."

यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. अगदी शेवटच्या फेरीत, बाहेरच्या कडेनं, भिंतीला जवळजवळ चाटून त्यांनी निळी गाडी मागे टाकली. तेवढी गाडी मात्र त्यांनी खरंच चालवली. हे लिहायलाही माझ्या जिवावर येतंय.

गाडीच्या खिडकीतून ते बाहेर आले तोवर खुलासा तयार होता. जमलेल्यांना हिंदीत म्हणाले, "जानबूझके छोडा था. लडका अच्छा है, जरा आगे चलके देखे." टाळ्या झाल्या. त्या तरुणानं त्यांना मिठी मारली. माझा मूर्खपणा त्यांनी औदार्य म्हणून स्वतःच्या नावावर करून घेतला, तोही हेल्मेट काढायच्या आत.

मी मचाणावरून उतरलो तर खाली ताई उभी. एरवी ती असल्या गोष्टी विचारत नाही.

"भावोजी, खरं सांगा. मुद्दाम सोडला, की त्यांचं लक्षच नव्हतं?" मग आवाज उतरवून म्हणाली, "घरी फ्रिज उघडून नुसते उभे राहतात. पुण्याला जाऊन काय करणार, विचारलं की हसतात. गाडीत तरी असतात ना ठिकाणावर?"

खरं सांगितलं असतं तर साडू सगळ्यांसमोर खोटे पडले असते. तो आनंद मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

"मुद्दाम," मी म्हटलं. "मला आधीच सांगून ठेवलं होतं."

ती गेली आणि तिनं त्यांच्या हातातला करंडक धरला. साडूंनी मला हाक मारली, "साडूभाऊ, फोटोत या. जरा कडेला." मी कडेला उभा राहिलो.

आता पुण्यात मुंजी-बारशाला ही शर्यत होतेच. दर वेळी निळी गाडी आणखी थोडी पुढे सोडलेली असते. गोष्ट संपली की साडू माझ्याकडे बोट करतात, "विचारा यांना, रेडिओवर हेच होते." लोक माझ्याकडे बघतात, ताईसुद्धा. मी मान डोलावतो.