कोणतं दाबू?

"आता त्यांच्यातलीच एक शिकलेली बसवून बघू," सर म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

खोलीत पुण्याहून आलेले चार डॉक्टर होते. पाच-सहा विद्यार्थी होते. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून हृदयाच्या आलेखाच्या पट्ट्या मोजत होते. उठले. खुर्चीत बसले. शिपायानं मनगटांना तारा लावल्या, मग घोट्यांना. त्यासाठी साडी वर घ्यावी लागली. सगळ्यांसमोर. माझ्यापुढं लाकडी फळीवर दोन बटणं होती, एक लाल, एक पांढरं.

"मनाला येईल ते दाब. वाटेल तेव्हा दाब," सर म्हणाले.

हा प्रयोग मला पाठ होता. माणूस निवड करतो तेव्हा त्याच्या हृदयात आधी काय होतं, हे सरांना शोधायचं होतं. त्याचं सगळं गणित मी मांडलेलं. नांदेडला राहून मी एम.एस्सी. केलं होतं. तरी हात उचलेना. छाती धडधडत होती आणि यंत्र ती धडधड कागदावर काढून सगळ्यांना दाखवत होतं. माझ्या तोंडून गेलं, "कोणतं दाबू, सर?"

सगळे हसले. सर पाहुण्यांना म्हणाले, "बघा. डिग्रीनं फरक पडत नाही."

मी तशीच बसून राहिले. तारा काढेपर्यंत उठताही येत नव्हतं.

दुष्काळाचं साल होतं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद खरवडून वर लातूर रंगवणं अजून चालूच होतं. नव्या जिल्ह्यात नोकऱ्या निघतील, असं जो तो म्हणायचा. मलाही एक निघाली, दवाखान्यात याच डॉक्टर सरांच्या हाताखाली गणक म्हणून, तात्पुरती. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात शिकण्याचं वेड. मला नोकरी लागली त्या दिवशी आमच्या वस्तीत पेढे वाटले होते.

काम मला आवडायचं. पट्टीवर बारीक चौकटी असतात. एका ठोक्याच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत कंपास लावायचा, चौकटी मोजायच्या, वहीत लिहायचं. कोणाचंच हृदय घड्याळासारखं चालत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर कमीजास्त होत राहतं, आणि त्या कमीजास्तीतही एक शिस्त सापडते. ती सापडली की मी जेवण विसरायचे.

सरांनी आधी विद्यार्थी तपासले. बटण दाबायच्या जरा आधी त्यांचा ठोका लांबायचा. विचार करतात, सर म्हणाले. मग चाकूरकडच्या पाझर तलावाच्या कामावरून मजूर आणले, ट्रॅक्टरमध्ये भरून. सगळे आमचे. बाकीच्या जातींतल्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. त्यांचे ठोके पहिल्यापासून धावत असायचे. आणि बटणाला हात लावायच्या आधी जो तो विचारायचा, कोणतं दाबू. सर वैतागायचे, मग हसायचे.

तिसऱ्या खेपेला माझी माय आली. तोंडावर माती, पदर डोक्यावर. तिनं मला पाहिलं आणि ओळख दाखवली नाही, माझी नोकरी जाईल म्हणून. मीही दाखवली नाही. तिनं सरांना विचारलं, "कोनतं दाबू, साह्यब?" मी खाली मान घालून चौकटी मोजत राहिले. मला तिची लाज वाटली. लाजच वाटली होती. त्यानंतर आठ दिवसांनी त्याच खुर्चीत मी बसले.

रविवारी गावी गेले. माय टँकरच्या रांगेत बसली होती, घागर पुढं सरकवत. तिच्या शेजारी बसले आणि विचारलं, तू त्या दिवशी तसं का विचारलंस.

"मुकादमानं टॅक्टरातच सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "साह्यबाला इचारल्याबिगर कशाला हात लावायचा न्हाई. चुकलं त मस्टरवरचं नाव काटतो म्हनला. म्या कशाला लावू हात?"

मग मी माझी गोष्ट सांगितली.

"आमाला मुकादमानं सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "तुला कोनी सांगितलं व्हतं?"

रांग पुढं सरकली, तिनं घागर सरकवली.

नांदेडला आम्हाला गणितीय विश्लेषण शिकवणारे मास्तर फळ्यावर सिद्धता मांडायच्या आधी विचारायचे, आपण काय धरून चाललोय? ते आधी लिहा. सोमवारी मी सरांकडे गेले. म्हणाले, सर, आपण धरून चाललोय की खुर्चीतला माणूस मोकळा आहे. ही माणसं मोकळी नव्हती. मुकादमाचा दम आणि भीती मोजलीय आपण. गृहीतकच चुकलंय.

सरांनी चष्मा काढला. "तुला आकडे मांडायला ठेवलंय. मतं मांडायला नाही."

आणि तक्ता पुढं केला. त्याखाली लिहिलं होतं, या वर्गात स्वतःहून निवड करण्याची क्षमता उपजतच कमी आढळते. त्याखाली गणकाच्या सहीची जागा.

"सही कर," म्हणाले. पेनही स्वतःचंच दिलं.

छाती तशीच धडधडत होती. घर माझ्या पगारावर होतं, मला ठाऊक होतं. पण या वेळी मी कोणाला काही विचारलं नाही. पेनाला टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं.

"न्हाई करत," मी म्हणाले. गावचं न्हाई तोंडात आलं. येऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली. सही दुसऱ्यानं केली. लेख छापून आला. मी छापणाऱ्यांना पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. ते वाक्य मला थांबवता आलं नाही. माझ्या मायच्या ठोक्यांवर ते उभं आहे, डॉक्टरकीची पोरं ते वाचून पास होतात, आणि मी नायगावच्या शाळेत त्रिकोणमिती शिकवते. रडून झालं, चिडून झालं. काही हललं नाही.

पण सरांच्या तक्त्यात नुसते क्रमांक होते. नावं माझ्या वहीत आहेत, कारण नाव विचारायचं काम माझं होतं. सव्वीस मजूर. सुट्टी लागली की मी एकेकाच्या दारात जाते. कोणी दम दिला होता, काय शब्द वापरले, ते लिहून घेते, खाली सही किंवा अंगठा घेते. अकरा झाले. त्यातली तिघं वारली होती, त्यांच्या घरच्यांना विचारलं. उरलेल्यांकडेही जाणार. मग सगळं गणित पहिल्यापासून पुन्हा मांडणार, आणि पहिल्या ओळीत लिहिणार, काय धरून चाललो होतो ते. कोणी छापलं नाही तर हातानं प्रती काढून वाटणार.

या नव्या यादीत पहिलं नाव मायचं आहे. सत्ताविसावं माझं. कोणी सांगितलं होतं, या रकान्यात आतापर्यंतच्या सगळ्यांपुढं मुकादम आहे. माझ्यापुढची जागा बरेच दिवस रिकामी होती. परवा भरली. सरांचं नाव लिहिलं, आडनावासकट.