नातीचं नाव आणि उस्तादांचा वस्तरा

धुकं एवढं दाट होतं की समोरची बेकरी दिसत नव्हती, नुसता पावाचा वास रस्ता ओलांडून येत होता. उस्तादांनी सलून उघडलं, आरशावरची वाफ पुसली, पाणी तापत ठेवलं आणि चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासायला घेतला. हात चालत होता, डोकं मात्र ठिकाणावर नव्हतं.

लेकीला मुलगी झाली होती. लेक दूर बंदराच्या गावी, जिथे गल्लीगणिक भाषा बदलते. तिनं नाव ठरवून बापाला कळवलं होतं, दुपारपर्यंत हो की नाही ते सांगा. आणि उस्तादांना नावांची भारी धास्ती. विशीत ते परक्या गावी धंदा शिकायला गेले, तर तिथल्या बोलीत त्यांच्या नावाचा अर्थ निघाला भोक पडलेली पिशवी. गिऱ्हाइकं हसता हसता गाल कापून घ्यायची. तेव्हापासून त्यांनी खरं नाव असं पुरलं, की बायकोलाही ते आठवायला वेळ लागतो. नातीच्या नशिबी हे हसू येऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

दुकानात नाना मुलखांची माणसं यायची. उस्तादांनी सकाळपासून एकेकाला गाठलं. बेकरीवाला डोळे मिटून पुटपुटला, फार शुभ, फार शुभ. खलाशानं अर्थ सांगितला पहाटेचा वारा. शिंपी म्हणाला राणी, मग जरा थांबून म्हणाला, थोरली राणी. उस्तादांना आभाळ ठेंगणं झालं.

डबा घेऊन आलेली बायको दारातून हे पाहत होती.

"अहो, मानेवर वस्तरा ठेवून नातीच्या नावाचा अर्थ विचारलात, तर वाईट कोण सांगेल? मी असते तर देवी म्हणाले असते."

उस्तादांचा हात थांबला. तेवढ्यात शिंप्यानं अडवून धरलेला आवंढा गिळून घेतला.

वस्तरा ठेवून उस्ताद तरातरा बेकरीत गेले. बेकरीवाल्यानं आधी त्यांचे दोन्ही हात पाहिले, मग तोंड उघडलं.

"रागावू नका. आमच्या गावी रस्त्यात हटून बसणाऱ्या गाढविणीला याच नावानं हाक मारतात. लाडकी असते हो सगळ्यांची. पण उठत नाही."

पडेल चेहऱ्यानं उस्तादांनी तिथूनच लेकीला फोन लावला, गाढविणीचं सांगितलं आणि दुसरं नाव शोध म्हणाले. लेक पोट धरधरून हसली.

"बाबा, सकाळपासून दूध नको, झोप नको, मांडीवरून खाली नको. मी, सासूबाई, नणंद, तिघी थकलो. हेच नाव राहू द्या. हिला कोण हसेल? हसून तर बघू दे."

मागून नातीनं भोकाड पसरलं. असा खणखणीत आवाज उस्तादांच्या सात पिढ्यांत कुणाचा नव्हता. ते कान देऊन ऐकत राहिले.

"ठेव तेच," ते म्हणाले.

सलूनमध्ये शिंपी अर्ध्या दाढीनिशी ताटकळला होता, गालावरच्या फेसाचे पापुद्रे झाले होते. उस्तादांनी ब्रश गरम पाण्यात बुडवला आणि नव्यानं फेस करायला घेतला.