मोजलं कुठून?

आकड्यांना घाम फोडणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच झाला, आणि तो भाईंदर पूर्वेला आमच्या स्टीलच्या डब्यांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत होता. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांच्यासमोर कुठलीही संख्या उच्चारली की चष्मा कपाळावर चढायचा आणि ठरलेला प्रश्न यायचा, "मोजलं कुनी? कुठं उभा रहून?" जवळच्या इंद्रलोक वस्तीतल्या एका लग्नात यजमान अभिमानाने म्हणाले, पाचशे माणसं जेवून गेली. काकांनी हातातली जिलेबी तशीच धरून विचारलं, कुठल्या दारातून मोजली? डॉक्टरांनी ब्लडप्रेशर सांगितलं, तर यांनी मशीन शेवटचं कधी तपासलं ते विचारून डॉक्टरांचंच ब्लडप्रेशर वाढवलं. शांती नगरातला फळवाला "सौ टका मीठा" म्हणाला आणि फसला. "सौ में से कितना चखा तू?" फळवाल्याने मग एक फोड कापून आधी स्वतःच चाखली.

या खोडीचं मूळ मिठागरात होतं. काकांच्या वडिलांच्या मिठाच्या राशी व्यापाऱ्याचा माणूस लांबूनच मोजून जायचा. "बांधावरनं समद्या राशी सारख्याच दिसतात," काका सांगायचे, "जवल गेल्याबिगर कलत न्हाय, ओली कंची न सुकी कंची."

गेल्या वर्षी शेठनी कारखान्यात एआय आणलं. डबे तपासणाऱ्या प्रत्येक टेबलावर कॅमेरा बसला. कोण तासाला किती डबे तपासतं हे मोजून कॉम्प्युटर नावं हिरवी नाहीतर लाल करायचा. महिन्याभरात मीटिंगमध्ये पडद्यावर एकच नाव लालभडक झळकलं, सुलभाताईंचं. कामावरून कमी करा, असा सल्लाही खाली छापून आला होता. घर त्या बाईच्या एकटीच्या हातांवर चालायचं. ती दाराशी पदर मुठीत धरून उभी होती. "डेटा खोटं बोलत नाही, सर," सॉफ्टवेअरवाल्या मॅडम म्हणाल्या. आम्ही माना डोलावल्या. लाज वाटते, पण मीही डोलावली.

काकांचा चष्मा वर गेला. "न्हाय बोलत. पन जेवरं इचारलं तेवरंच सांगतंय ना? मोजलं कुठं उभा रहून?"

"छतावरून, काका. कॅमेरा वरच असतो."

"मंग जरा खाली या."

वरात खाली गेली. सुलभाताईंच्या टेबलावर चार पुडांच्या डब्यांचा ढीग होता, सगळे झाकण न बसणारे. बाकीच्या टेबलांनी बाजूला सारलेला असा डबा सुपरवायझर इमाने इतबारे त्यांच्याकडे पाठवायचा, कारण असं झाकण नीट बसवणारा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. एकेका डब्याला दहा डब्यांचा वेळ जायचा, कॅमेऱ्याला मात्र डबा म्हणजे डबा. काकांनी एक आठवडा मागून घेतला. हट्टी डबे हिरव्या नावांकडे, साधे सुलभाताईंकडे. शनिवारी पडदा उजळला, तर सुलभाताई सगळ्यात वर, हिरव्यागार, आणि तीन हिरवी नावं लाल होऊन पडलेली! बायकांनी झाकणं वाजवून शेड दणाणून सोडली. खरं सांगतो, एवढा आनंद मला स्वतःच्या पगारवाढीचाही झाला नव्हता. सगळ्यात आधी टाळ्या मॅडमनी वाजवल्या. हल्ली कुठलंही नाव लाल करण्याआधी त्या स्वतः त्या टेबलाशी तासभर बसतात.

यंदा काका रिटायर झाले. निरोपाच्या वेळी शेठ गहिवरून म्हणाले, "काका, आपके जैसा आदमी लाख में एक." सगळ्यांच्या नजरा चष्म्याकडे. तो चढला. मी तर आधीच हसायला लागलो होतो.

"मोजलं..." एवढंच काका म्हणाले आणि गळ्यातला हार चाचपू लागले.

मागच्या रांगेतून सुलभाताई उठल्या. "आम्ही मोजलंय, काका. जवळ उभं राहून."

आयुष्यात पहिल्यांदाच काकांनी एक आकडा मुकाट्याने मान्य केला. चष्मा मग बराच वेळ कपाळावरच राहिला, खाली डोळे पुसायचं काम चाललं होतं.