सहा ते नऊ आराम

मी तीस वर्षं न्हावा शेव्याला ट्रेलर चालवला. असल्या माणसाला कोणी सकाळी सहा ते नऊ आराम करायला सांगितलं, तर डोकं फिरणारच ना?

झालं असं, की आमची मुलगी अमेरिकेत डे मॉइनला राहते. एका राज्याची राजधानी, पण शहर बेताचंच. जावयाची नोकरी तिथे. मे महिन्यात आम्ही नवरा-बायको तिच्याकडे पहिल्यांदा जाणार, म्हणून तिने आठ दिवसांचा बेत लिहून पाठवला. सोमवारी सोनेरी घुमटाचं विधानभवन, मंगळवारी नदीकाठ, बुधवारी कसलीशी बाग. आणि शनिवार-रविवार सोडून रोज, न चुकता, सकाळी सहा ते नऊ आराम. दुपारी दोन ते पाच परत आराम.

"आपल्याला काय आजार हाय?" मी बायकोला विचारलं.

"दमू नये म्हणून सांगते बिचारी," सुका जवळा निवडता निवडता ती म्हणाली.

मला काही पटेना. घुमट बघायला एवढं विमानात बसून जायचं? मला लेकीचं घर बघायचं होतं, ती दिवसभर काय करते ते बघायचं होतं. गेल्या वर्षी तिला कामाचा परवाना मिळाला. तेव्हापासून विचारलं की एकच उत्तर, "शाळेत काम करते." शाळेत काय, शिकवतेस? "असंच, मुलांचं बघते." हे काय उत्तर झालं?

मी तिथेच व्हिडिओ कॉल लावला. आमची संध्याकाळ म्हणजे तिची सकाळ. पार्किंगमध्ये आहे, म्हणाली. मी आरामावरून भांडायला सुरुवात केली, तेवढ्यात मागे आवाज आला. फुस्स. मोठ्या गाडीचा हँडब्रेक लावला की हवा सुटते, तो. दुसरा कोणी फसेल, मी फसेन होय?

"गाडी कोणाची ती?"

"कुठली, बाबा?"

"एअरब्रेकवाली. मला शिकवू नकोस."

तिने फोन फिरवला. पिवळ्या शाळेच्या बसची रांग उभी होती. "ही माझी," ती म्हणाली. "सकाळी मुलांना आणते, दुपारी सोडते."

असा संताप आला मला. बस चालवते म्हणून नाही, देवाशप्पथ. पोरांनी भरलेलं एवढं धूड ती वळवते, आणि ते लपवते कोणापासून, तर माझ्यापासून? ज्याच्या डब्यालासुद्धा डिझेलचा वास यायचा त्याच्यापासून? मी नको नको ते बोललो. आईबापाला घुमट दाखवून गंडवणार होतीस काय, खोलीत झोपवून ठेवणार होतीस काय, सगळं.

तिने ऐकून घेतलं. मग हळू म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नाच्या बैठकीत तू सासरच्यांना काय सांगितलंस?"

ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, असं सांगितलं होतं. पांढरा शर्ट घालून, त्यांच्यासमोर बसून. ट्रेलर शेठचा, चावी शेठची, मी पगारी ड्रायव्हर. मी ते बोलत होतो तेव्हाच ती चहा घेऊन बाहेर आली होती, आणि तिने माझ्याकडे एकदा बघितलं होतं. मला वाटलं, विसरली असेल.

"सासूबाईंना अजून तेच खरं वाटतं," ती म्हणाली. "बापाने लपवलं ते काम मी कुठल्या तोंडाने सांगू? तुलासुद्धा?"

बायकोचा हात जवळ्यात तसाच थांबला होता.

"तुझं तू सांग, तुला वाटेल तेव्हा," मी म्हणालो. "माझं मी सांगून येतो."

फोन ठेवला आणि बेताच्या कागदावरचा सगळा आराम खोडला. तिथे लिहिलं, लेकीची बस बघणे. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने पेणला विहीणबाईंकडे निघालो. मी ट्रेलर चालवायचो, एवढं एक वाक्य त्यांच्यासमोर बोलल्याशिवाय मला त्या बसजवळ उभं राहायचा हक्क नव्हता.