बोन्काच्या पुस्तकाचं शेपूट

लोवेच गावच्या अंध मंडळाच्या वाचनालयात पुस्तकाला शेपूट असतं. कॅसेटींच्या काळात शेवटच्या बाजूला दोन-तीन मिनिटांची फीत कोरी राहायची. ती फुकट कशाला घालवा, असं कुणाला तरी वाटलं आणि पद्धत पडली: जो पहिल्यांदा पुस्तक ऐकेल त्यानं त्या कोऱ्या जागेत आपला अभिप्राय बोलून ठेवायचा आणि शेवटी गुण द्यायचे. गुण शाळेतल्यासारखे. दोन म्हणजे नापास, सहा म्हणजे त्यापुढे काही नाही. पुढे कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या, पण शेपूट काही गेलं नाही. लोक आधी शेपूट ऐकतात आणि मग पुस्तक घ्यायचं की नाही ते ठरवतात. काही जण नुसती शेपटंच ऐकतात आणि पुस्तक ऐकल्यासारखं बोलतात. असे लोक डोळसांतही असतात म्हणे.

सगळ्यात चांगली शेपटं गेंचो मिंकोवची, यात दुमत नाही. गेंचो जन्मापासून आंधळा. चौतीस वर्षं त्यानं अंधांच्या ब्रशच्या कारखान्यात लाकडी पाठीच्या भोकांत घोड्याचे केस खोवले. भिंतीवरच्या कर्ण्यातून सकाळी सात ते दुपारी तीन पुस्तकं चालू असायची. हात कामात, कान पुस्तकात. निवृत्त झाला तेव्हा त्यानं जेवढी पुस्तकं ऐकली होती तेवढी गावातल्या वकिलांनी मिळून वाचली नसतील. अर्थात, लोवेचच्या वकिलांना हरवणं फार अवघड नाही.

गेंचो अभिप्राय देताना कुणाची भीड ठेवत नसे. रहस्यकथेबद्दल तो म्हणाला होता, "खुनी कोण हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक आहे. माळ्याचं नाव आलं की त्याचा आवाज खाली जातो. मला तिसऱ्या प्रकरणात कळलं, पोलिसांना तेविसाव्यात. तीन." मधमाश्यांच्या पुस्तकाबद्दल, "माहिती पुष्कळ आहे. लेखकाला मधमाशी कधी चावलेली नाही. चार." एका मंत्र्याचं चरित्र नऊ भागांत होतं. त्याचं शेपूट असं: "या माणसाची आई एकदाच येते, आणि तेव्हाही मरायला. बाकी सगळे पूल आणि धरणं. तीन." सुखी कसं व्हावं हे सांगणारं एक पुस्तक राजधानीतल्या मोठ्या नटानं मागं पियानो लावून वाचलं होतं. गेंचो म्हणाला, "दर दहा मिनिटांनी हे मला श्वास घ्यायला सांगतात. मी घेतच होतो. नटाचा आवाज सुंदर आहे, आणि त्याला ते माहीत आहे. दोन." मिठाच्या इतिहासाला मात्र त्यानं सहा दिले. ऐकता ऐकता भट्टीतल्या मिरच्या करपल्या आणि त्याला वाससुद्धा आला नाही.

एकतीस वर्षांपूर्वी असंच एक शेपूट त्याला महागात पडलं. पोस्टात काम करणारी एक बाई संध्याकाळी वाचनालयात येऊन पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करू लागली होती. तिच्या पहिल्या कादंबरीला त्यानं तीन दिले आणि वर म्हणाला, "ही बाई स्वल्पविरामाला घाबरते. प्रत्येकापाशी थांबते, जणू तिथं कुत्रा बसलाय." तिसऱ्या दिवशी ती बाई थेट ब्रशच्या कारखान्यात आली आणि दारातून ओरडली, "तो कुत्रेवाला कोण?" गेंचोनं हात वर केला. सहा महिन्यांनी त्यांचं लग्न झालं. तिचं नाव बोन्का.

लग्न झालं म्हणून गुण वाढले नाहीत. चार हे बोन्काचे नेहमीचे गुण. पाच दोनदाच मिळाले. सहा कधीच नाही. बोन्काही चिडायची नाही. नवीन शेपूट आलं की ती वाचनालयात जाऊन आधी तेच ऐकायची, घरी येऊन सांगायची, "अठराव्या प्रकरणात मी घाई केली म्हणतोस, ते खरंय," आणि कांदा चिरायला बसायची. त्या घरात प्रेमाचं बोलणं म्हणजे एवढंच, पण ते कधी थांबलं नाही.

यंदा वसंतात बोन्कानं नवी कवळी बसवली. तेव्हापासून तिच्या 'स'मधून शिट्टी निघू लागली. वाक्याच्या शेवटी शब्द ओले व्हायचे, आणि खालचे दात सुटतील म्हणून ती लांब वाक्य मध्येच तोडायची. गेंचोला पहिल्याच दिवशी कळलं. त्याला न कळून कसं चालेल? तो मूग गिळून बसला. सप्टेंबरात दोघं अंगणात लाल मिरच्या भाजत होते तेव्हा तिनंच विचारलं.

"गेंचो, तुला ऐकू येतंय का?"

"काय?"

"शिट्टी."

"ही भट्टी वाजतेय," गेंचो म्हणाला. "जुनी झाली."

भट्टी विजेची होती. वाजण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

त्याच महिन्यात वाचनालयाच्या समितीनं एक ठराव केला. ध्वनिमुद्रणाची खोली एकच, आणि वाचायला येऊ पाहणारे आता चौघं. तेव्हा ज्या वाचकाच्या नव्या पुस्तकाला शेपटात चारापेक्षा कमी गुण मिळतील त्याला विश्रांती द्यायची. विश्रांती हा समितीचा शब्द. बोन्का तेव्हा एका गिरणीवाल्या विधवेची साडेअकरा तासांची कादंबरी वाचत होती. तिच्या पहिल्या ऐकणाऱ्याचं नाव यादीत आधीपासूनच लिहिलेलं होतं: गेंचो मिंकोव. यादी वर्णानुक्रमे फिरायची आणि तिला बायको-नवरा कळत नव्हतं.

कारखान्यातला जुना सोबती दिंको, तोही आंधळा, मिरच्या सोलायला मदतीला आला होता. बोन्का बाजारात गेली तेवढ्यात त्यानं विषय काढला.

"पाच देऊन टाक की. कुणाच्या बापाचं काय जातंय?"

"ज्यांना अकरा तास ऐकायचंय त्यांचं जातंय."

"अरे, तिचं काय जाईल ते बघ. पोस्टातून निवृत्त झाली, पोरबाळ नाही. त्या खोलीत जाते म्हणून सकाळी केस विंचरते. ते गेलं तर करील काय? तुझं तोंड बघत बसेल?"

"माझ्या तोंडावर बघण्यासारखं काही आहे असं कुणी कधी म्हणालेलं नाही."

"तेच सांगतोय मी," दिंको म्हणाला.

गेंचोनं ती कादंबरी चार दिवस ऐकली. चांगली कादंबरी होती. विधवा जिद्दी होती, नदी खरी वाटत होती. पण बोन्काचा आवाज त्या विधवेच्या मागून धापा टाकत येत होता. पाचव्या प्रकरणात विधवा मुलाला पुरते, तिथं अशी शिट्टी वाजली की गेंचोनं यंत्र बंद केलं आणि तो परसात जाऊन उभा राहिला. त्याला फार वाईट वाटलं. त्या आवाजाशी त्यानं लग्न केलं होतं. चेहरा त्याला हातानं ठाऊक होता, पण बाई म्हणजे तो आवाजच.

गुरुवारी तो वाचनालयात गेला. ग्रंथपाल सेव्दानं त्याला माइकपुढं बसवलं. ही सेव्दा चाळिशीची, सगळ्या म्हाताऱ्यांना 'बाय' म्हणजे दादा आणि सगळ्या म्हाताऱ्यांच्या बायकांना 'लेल्या' म्हणजे मावशी म्हणणारी.

"बाय गेंचो, तुम्हाला जड जात असेल तर मी यादीतला पुढचा माणूस घेते," ती म्हणाली.

"यादी म्हणजे यादी," गेंचो म्हणाला. मग तो घसा साफ करून बोलला, "कादंबरी उत्तम. वाचनही उत्तम. कुठंच काही खटकलं नाही. सहा."

सेव्दानं यंत्र बंद केलं आणि त्याला हाताला धरून दारापर्यंत सोडलं. गेंचोला वाटलं, तिला आनंद झाला असावा. स्वतःवर खूश होऊन तो घरी गेला. वाटेत त्यानं बायकोसाठी भोपळ्याचं बानित्सा, म्हणजे पापुद्र्यांची भाजलेली गुंडाळी, घेतलं, तेही गरम.

सोमवारी बोन्का वाचनालयात जाऊन आली, आणि घर बंद पडलं.

त्या घरात एक नियम होता. खोलीत शिरलं की बोन्का काहीतरी बोलायची. 'मी आले', 'दार उघडं ठेवलंय', 'मीठ तुझ्या उजव्या हाताला'. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून. आता ती बोलेनाशी झाली. ताट समोर यायचं, मीठ उजव्या हातालाच असायचं, पण माणूस नाही. बोन्काचं वजन कमी, पाय हलके, घरातल्या चपला मऊ. गेंचोनं मंगळवारी तिला हवामानाबद्दल पुष्कळ सांगितलं आणि मग हात लांब केला तर तो फ्रिज निघाला. डोळस माणसाशी अबोला धरला तर त्याला निदान पाठ दिसते. गेंचोला तेवढंही नव्हतं. ती घरात आहे की नाही, बसली आहे की उभी, त्याच्याकडे बघते आहे की भिंतीकडे, काही कळेना. बुधवारी रात्री जेवताना त्यानं समोरची खुर्ची चाचपून पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आंधळं असण्याची भीती वाटली.

गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरात त्यानं हवेतच विचारलं, "बोन्का, माझं चुकलं काय?"

"मी खिडकीपाशी आहे," बोन्का म्हणाली. इतक्या जवळून, की तो दचकला. "तू सहा दिलेस."

"कमी पडले?"

"थट्टा नको. एकतीस वर्षांत तू मला दोनदा पाच दिलेस. तेव्हा दात माझे होते, श्वास माझा होता. आणि आता सहा? मला वाटत होतं, थोडं बिघडलंय. शिट्टी असेल, लोक चालवून घेतील. चार तरी मिळतील. तुझं सहा ऐकलं आणि कळलं की सगळं संपलंय. तुला खोटं बोलावं लागलं, म्हणजे किती वाईट झालं असेल ते."

"तुला बरं वाटावं म्हणून—"

"दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून तू जन्मात काही केलं नाहीस. म्हणून तर मी तुझ्याशी लग्न केलं. पोस्टात दिवसभर सगळे गोड बोलायचे. एक माणूस होता ज्याचं खरं मानता यायचं. आता त्या दोन पाचांचंही मी काय करू? तेही असेच दिले होतेस का?"

"नाही," गेंचो म्हणाला. "ते तुझे होते." त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की हात कुठं ठेवावेत ते कळेना.

खुर्ची सरकली. ती समोर बसली. "मग आता खरं सांग. पहिल्या प्रकरणापासून."

गेंचोनं सांगितलं. कुठं शिट्टी, कुठं धाप, कुठं वाक्य मोडलं, कुठं विधवेचं रडणं हसण्यासारखं ऐकू आलं. सगळं त्याच्या डोक्यात होतंच. ती पेन्सिलीनं लिहून घेत होती, कागदावरची खरखर त्याला ऐकू येत होती. पाचव्या प्रकरणाशी खरखर थांबली.

"मी रडतेय," बोन्का म्हणाली, कारण नियम तसा होता. "पण तू थांबू नकोस."

तो थांबला नाही. तासभर बोलला.

मग तिनं कोट घातला, त्यालाही घातला, आणि दोघं वाचनालयात गेली. सेव्दा म्हणाली, "बाय गेंचो, नीट विचार करा. चाराखाली गेलं तर मला समितीला कळवावं लागेल."

"तो काय विचार करणार?" बोन्का म्हणाली. "विचार मी केलाय. पूस ते."

सेव्दानं जुनं शेपूट पुसलं. गेंचो माइकपुढं बसला. बोन्कानं त्याची बाही धरली होती. ती त्यानं सोडवून घेतली नाही.

"कादंबरी पाच," तो म्हणाला. "वाचन दोन. दातांमुळे. ही कादंबरी दुसऱ्या कुणीतरी पुन्हा वाचावी. वाचणाऱ्या बाईंची याआधीची एकशे अठरा पुस्तकं वाचनालयात आहेत. ती ऐका. हे ऐकू नका."

सेव्दानं यंत्र बंद केलं आणि नाक शिंकरलं.

बाहेर थंडी होती. नदीकाठच्या रस्त्यानं ती दोघं घराकडे निघाली. त्या रस्त्याला खांबाखांबावर मृत्यूची पत्रकं चिकटवलेली असतात, फोटोसकट: कोण गेलं, कुणाला चाळीस दिवस झाले, कुणाला वर्ष. डोळस लोक उभ्याउभ्या वाचतात आणि पुढं जातात. बोन्का एका खांबापाशी थांबली आणि मोठ्यानं वाचू लागली, आपल्या नव्या दातांनी, घाई न करता. शेजारच्या आळीतल्या स्ताम्बोलका आजींना सहा महिने झाले होते. मुलगे, सुना आणि नातवंडं यांना त्यांची आठवण येत होती. शिट्टी दोनदा वाजली आणि 'सुना' पार ओला झाला.

वाचून झाल्यावर ती जागची हलली नाही. तिला गुण हवेत हे गेंचोला ठाऊक होतं, आणि आकडा त्याच्याकडे तयारही होता.

"पुढच्या खांबावर काय लिहिलंय?" त्यानं विचारलं.