उलट चालणारी बाई

माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. जिच्याबरोबर बारा वर्षं गोंदियाहून सौंदडपर्यंत एका बाकावर बसून गेले, जिच्या डब्यातली भाजी न विचारता उचलली, तिनं असं करावं? परक्या कुणी केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

आम्ही दोघी एकाच शाळेत शिक्षिका. मी गोंदियाजवळच्या मुर्रीहून स्टेशनवर यायचे, ती खिडकीजवळ माझ्यासाठी रुमाल टाकून बसलेली असायची. सौंदडला उतरून पुढे ऑटोनं गावातली शाळा. तिथं तीन कॉम्प्युटर आले आणि पाठोपाठ वरून फर्मान आलं, मुलांना कोडिंग शिकवा. आम्हालाच कुठं येत होतं! रविवारी दोघी मोबाइलवर व्हिडिओ पाहायचो. कुठं भरधाव हिंदी, कुठं इंग्रजी, आणि शिकवणारा असा की त्याला जणू गाडी पकडायची आहे. शेवटी एक फुकटची वेबसाइट सापडली. रंगीत ठोकळे एकाखाली एक लावायचे, की पडद्यावरचं चित्र चालायचं, वळायचं, बोलायचं. रविवारी आम्ही शिकायचो, सोमवारी तेच मुलांना शिकवायचो, आणि बुधवारपर्यंत मुलं आमच्या पुढे निघून गेलेली असायची.

त्यासाठी खातं काढावं लागायचं. मुलांकडे कुठला आला ईमेल? घरात एक मोबाइल, तोही बापाच्या खिशात. मैत्रीण म्हणाली, "अवो, माह्या नंबरवर एकच खातं काढू ना. कायले डोक्याले ताप?" झालं. सगळ्या शाळेचं एक खातं, एक पासवर्ड, तोही फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं लिहिलेला. गावात बोअरिंग एक, त्यावर सगळे पाणी भरतात, तसंच हे. कोणत्याच खेळावर कोणाचं नाव नव्हतं. मला तर ते फार चांगलं वाटलं होतं, हे आज सांगतानाही लाज वाटते.

सातवीत एक मुलगी होती. तिची आई रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, जाणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी. मुलीनं खेळ केला तो रोवण्याचाच. धानाची बांधी, म्हणजे बांधाच्या आतला शेताचा तुकडा, खाली चिखल, आणि लुगडं खोचलेली एक बाई. ठोकळा दाबला की ती पऱ्ह्याचं एक रोप लावते आणि मागं सरकते. मी म्हटलं, "अगं, हिला पुढं चालव. धड्यात दहा पावलं पुढं दाखवलंय ना?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच अडाणी. "मॅडम, बाई रोवतानी मांगं मांगं जाते न. पुढं गेली तं आपलेच पऱ्हे तुडवन." तिनं दहाच्या आधी उणे चिन्ह घातलं होतं. कोणत्याही व्हिडिओत कुणी हे शिकवलं नव्हतं. मी आणि मैत्रीण, दोघी तोंडात बोट घालून पाहत राहिलो. वर आणखी, तिनं आईचा आवाज भरला होता. बांधी संपली की आवाज यायचा, "चाला वो बायाहो, सरली बांधी!"

मग मैत्रिणीची बदली झाली, गोंदियातल्या शाळेत. स्टेशनवर दोघीही रडलो. पुढे हिवाळ्यात गोंदियातच शाळांचं प्रदर्शन ठरलं, मुलांनी कॉम्प्युटरवर केलेल्या कामांचं. मी या मुलीचं नाव दिलं. जायला पंधरा दिवस राहिले आणि खातं उघडेना. पासवर्ड चुकीचा. मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "अवो, साइटच बंद पडून राहिली. माह्याकडं बी होत नाही." मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? बारा वर्षांत खोटं बोलली नव्हती. निदान मला तसं वाटायचं.

मुलगी रडली नाही. पुठ्ठ्याचे रंगीत तुकडे कापून तिनं सगळे ठोकळे मोठ्या कागदावर चिकटवले, उण्या दहासकट. प्रदर्शनाला तिची आईही आली, नवं पातळ नेसून, त्या दिवसाची मजुरी सोडून. तिला काही तो कागद पाहायचा नव्हता. तिला स्वतःचा आवाज ऐकायचा होता. मी तिला सांगत होते, साइट बंद आहे, आज नाही ऐकू येणार. तेवढ्यात दोन टेबलं सोडून पलीकडून आवाज आला, "चाला वो बायाहो, सरली बांधी!"

आईचा चेहरा फुलला. "माहाच आवाज वो, मॅडम! लागली का साइट?"

आम्ही गेलो. टेबलाजवळ माझी मैत्रीण उभी. टाय लावलेली तिच्या शाळेची एक मुलगी खेळ दाखवत होती. नाव बदलून इंग्रजी केलं होतं, रंग बदलले होते, पण आवाज तसाच. तो काढायचेही कष्ट घेतले नव्हते! परीक्षक विचारत होते, "बेटा, ये औरत पीछे क्यों जा रही है?"

"सर, ऐसा ही था," ती मुलगी बिचारी म्हणाली.

माझी मैत्रीण हसून पुढं झाली. "सर, वो हमारे बच्चों का क्रिएटिव आइडिया है."

क्रिएटिव म्हणे! अंगाचा तिळपापड झाला. मग तिनं मला पाहिलं आणि तिचं हसू उतरलं. डोळ्यांनी विनवलं, आत्ता नको. आणि माझी विद्यार्थिनी माझ्याकडे पाहत होती, आता मॅडम बोलतील म्हणून. परीक्षक वही मिटून पुढच्या टेबलाकडे वळत होते. मला एकच वाक्य बोलायचं होतं. माझ्या डोळ्यांपुढे तो खिडकीजवळचा रुमाल आला, आणि मी म्हणाले, "चला, गाडी निघून जाईल."

गाडीला अजून दोन तास होते. मुलीला ते माहीत होतं.

प्लॅटफॉर्मवर आई सारखी विचारत होती, "माहा आवाज त्या पोरीकडं काऊन होता?" मुलगी कागदाची सुरळी करत राहिली. मी गाडी येते त्या दिशेला पाहत होते. त्या दिवसापासून मी मैत्रिणीचा फोन उचललेला नाही. तिला काय बोलायचं ते मला बरोबर ठाऊक आहे, आणि मला तिला काय बोलायचं ते मी मनात हजारदा बोलून झाले आहे.

पुढच्या सोमवारी मुलगी बापाचा मोबाइल घेऊन शाळेत आली. "मॅडम, माहं येगळं खातं काढून द्या. माह्या नावाचं."

मी काढून दिलं. पासवर्डचा चौकोन आला तेव्हा सवयीनं खडू उचलला, फळ्यावर लिहून ठेवायला.

"नोको," ती म्हणाली. "तुमाले बी नाही सांगत." तिनं एका हातानं कीबोर्ड झाकला आणि मी पाठ फिरवेपर्यंत थांबून राहिली.

मी पाठ फिरवली.