पडद्यावर मुरलेला गोल

“आज न्हाय, सहा महिन्यानं बघा.”

हे वाक्य ज्योतीरामकाका कशालाही लावायचे. नव्या रंगाच्या भिंतीला, कँटीनच्या नव्या आचाऱ्याला, नव्या साहेबाला. वर्षाली कासारवाडीहून पहिल्यांदा चाकणच्या कारखान्यात काकांच्या हाताखाली डिझाईनच्या कामाला आली, तेव्हा मालक नानासाहेबांनी तिच्यासमोरच विचारलं होतं, “कशी वाटती पोरगी?” काकांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि तेच उत्तर दिलं. तिला तेव्हा राग आला. पण बरोबर सहा महिन्यांनी काकांनी ड्रॉवरमधली आपली पोलादी पट्टी काढून तिच्यापुढे ठेवली. “ही आता तुझ्याकडंच राहू दे,” एवढंच म्हणाले.

काका औशाकडचे. भोसरीत दोन वर्षं कानस घासली. दुपारी बाकीचे डबे उघडत, तेव्हा हे फेकून दिलेली ड्रॉइंगं जमिनीवर पसरत आणि एकेका रेषेवरून बोट फिरवत बसत. असं करत करत हा माणूस पत्रा दाबायच्या डायचं डिझाईन शिकला. शाळेचा कागद नाही, कॉलेजचं नाव नाही. नानासाहेबांकडे वीस वर्षं झाली. या वीस वर्षांत त्यांना काम रोज विचारलं गेलं, मत कधी विचारलं गेलं नाही. डिझाईनच्या खोलीत आपल्या शब्दाला वजन असावं, एवढीच एक भूक त्या माणसाला होती. ती त्यांनी कधी बोलून दाखवली नाही, पण शेजारी बसणाऱ्याला ती कळायची.

म्हणून गुढीपाडव्याला नानासाहेब म्हणाले, “डिझाईनला कॉम्प्युटरचा मोठा पडदा घ्यायचाय. ज्योतीराम म्हनंल तोच घ्या,” तेव्हा काकांनी धुतलेला शर्ट घालून डांगे चौकातलं दुकान गाठलं. बरोबर वर्षाली होती आणि नानासाहेबांचा मुलगा दिग्विजय होता. दिवसा काकांचं काम, शिफ्ट सुटल्यावर दिग्विजयचा गेम, असा एकाच पडद्याचा हिशेब होता.

दुकानदाराने दोन अल्ट्रावाइड मॉनिटर शेजारी शेजारी लावले. एक ओएलईडी, एक मिनी-एलईडी. दिग्विजयने गेम लावला. काळोखी जंगल, मध्ये एक मशाल, आणि डाव्या कोपऱ्यात खाली वाट दाखवणारा गोल नकाशा.

“बघा काका, या ओएलईडीवर काळा म्हणजे काय काळा!”

“काळा झकास हाय,” काका म्हणाले. “त्याच्यापुढं ह्या दुसऱ्याचा काळा उडाल्यावानी दिसतो. मशालीभवती धुकं बी हाय. खोटं कशाला बोलू?”

“मग विषय संपला!”

“थांबा जरा.” काकांनी खिशातून पेनड्राइव्ह काढून आपलं ड्रॉइंग दोन्हीकडे लावलं. “माझ्या कामात ही कडेची बटणं सकाळी नवापासून सांजच्या सहापर्यंत एकाच जागी असत्यात. ओएलईडीचा एकेक ठिपका सोता जळतो. जो जास्त जळंल तो आधी थकंल, अन् त्याचा डाग बसंल. मिनी-एलईडीला मागं बारके दिवे हायत, उजेड त्यांचा. त्यात ही भीती न्हाय. शिवाय आपली खिडकी पश्चिमेची. चारचं ऊन पडद्यावर येतं, तवा ह्याचाच उजेड पुरा पडंल. धुकं आपण सोसू.”

“काका, हे सगळं जुनं झालं. आता कंपन्यांनी त्यावर उपाय काढलेत.”

“काढले असतील. आज न्हाय, सहा महिन्यानं बघा.”

दिग्विजय हसला. “बरं बाबा, तुमचा मिनी-एलईडी.” परत येताना काका नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत शीळ घालत होते.

चार दिवसांनी दिग्विजयने मागवलेलं खोकं आलं. आत ओएलईडी होता.

नानासाहेब पडदा बघायला वर आले. दिग्विजय वडिलांना म्हणाला, “काकांनी पास केलाय, आबा.” काकांनी त्याच्याकडे पाहिलं. मालकासमोर मालकाच्या पोराला खोटं कसं पाडायचं? त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “चांगलाय पडदा,” म्हणाले.  दुकानात वर्षालीही होती. पण जिथे काका गप्प बसले, तिथे आपण काय बोलायचं?

त्या दिवसापासून काका त्या पडद्याला आजारी जनावरासारखं जपू लागले. दर सोमवारी बटणांची पट्टी डावीकडून उजवीकडे न्यायची, पुढल्या सोमवारी परत आणायची. उजेड निम्म्यावर ठेवायचा. दिग्विजय संध्याकाळी तो पूर्ण चढवायचा, काका सकाळी उतरवायचे. सोबतचं पुस्तक वर्षालीकडून वाचून घेतल्यावर त्यांना कळलं, की पडदा बंद केल्यावर थोडा वेळ त्याला वीज चालू लागते. तेवढ्यात तो आपोआप स्वतःला दुरुस्त करतो.

ते नानासाहेबांकडे गेले. “तेवढा एक प्लग रातीचा चालू राहू द्या.”

“न्हाई जमायचं, ज्योतीराम. मागं लाइटचं पॅनल जळालं तवाच ठरलंय. शेवटचा मानूस मेन पाडनार, चावी माज्या हातात देनार. येका पडद्यासाठी कारखाना पेटवू व्हय?”

शेवटचा माणूस म्हणजे दिग्विजय. गेम संपवायचा, लगेच मेन पाडायचा. पडद्याला दम खायला एकही संध्याकाळ मिळाली नाही.

खंडेनवमी आली. मशिनं पुसली, झेंडूचे हार चढले. डिझाईनच्या खोलीत टेबलावर लाल कापड घातलं. काकांनी आपला मापाचा व्हर्नियर ठेवला, वर्षालीने पोलादी पट्टी ठेवली. पूजेला मांडलेलं अवजार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही, ही तिथली रीत. नानासाहेब म्हणाले, “पडद्यावं देवी लावा.” वर्षालीने फोटो लावला. पडदा लांबलचक, फोटो चौकोनी. दोन्ही बाजू मोकळ्या राहिल्या. तिथे तिने साधा पिवळा रंग भरला.

आणि त्या पिवळ्यात डाग वर आले. दोन्ही कडांना बटणांच्या पुसट रांगा, निरखून पाहिलं तरच दिसाव्यात अशा. पण डाव्या कोपऱ्यात खाली काळपट गोल ठसठशीत उमटला होता.

नानासाहेबांच्या हातातलं ताम्हण थांबलं. “ह्यो गोल कसला?”

“काकांच्या सॉफ्टवेअरचा असेल,” दिग्विजय म्हणाला. “दिवसभर तेच असतात यावर.”

खाली सगळ्यांना बातमी गेली, माणसं दारात जमली. सहा महिने झाले होते. आता काका ते वाक्य म्हणणार, असं सगळ्यांना वाटलं. काका म्हणाले नाहीत. ते फक्त वर्षालीकडे पाहत होते. 

वर्षालीला तो गोल ओळखू येत होता. जंगल, मशाल आणि कोपऱ्यातला नकाशा. एक वाक्य बोलायचं होतं. तेवढ्यात नानासाहेबच बोलले, “तूच पसंत केलास, तूच वाट लावलीस. पर्वापास्नं खाली कानस घासायला बाकावं बस, ज्योतीराम. हितलं काम वर्षाली बघंल.”

तिच्या तोंडात आलेलं वाक्य तिथेच राहिलं. तिने मान खाली घातली. लाल कापडावरचं कुंकू बघत राहिली.

“मालक,” काका हळूच म्हणाले, “पसंत मी दुसरा केला व्हता.”

“मग तवा का न्हाई बोललास?”

 काका पुढे झाले आणि पूजेतला व्हर्नियर त्यांनी उचलला. दारातून कुणीतरी ओरडलं, “अवं काका, पूजेतलं उचलू नये!” काकांनी कुंकू पुसलंही नाही. व्हर्नियर तसाच खिशात घातला. पांढऱ्या शर्टावर लाल उमटलं.

ते जिना उतरले. वाटेत कुणी हाक मारली नाही. फाटकावरच्या वॉचमनने प्रसाद पुढे केला. तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि महाळुंग्याच्या रस्त्याला लागले. कंटेनरच्या रांगेच्या कडेने, घाई न करता.

चारचं ऊन खोलीत आलं होतं. त्यात पडद्यावरची देवी फिकी पडली. वर्षाली खिडकीत उभी राहून तो पांढरा शर्ट दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिली. तिची पट्टी मागे लाल कापडावर होती. ती तिने उचलली नाही.